विषाद आणि रक्त

दौलताबादचा किल्ला मागें टाकून वेरुळाकडे निघालें कीं वाटेंत डोंगरमाथ्यावर एक लहानसें, तटबंदीचें गांव लागतें. तें खुलताबाद. याचें जुनें नांव रौजा, म्हणजे कबरस्थान. आणि तें नांव सार्थ होतें. चवदाव्या शतकांतील बुऱ्हानुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी प्रभृति सूफी साधु येथें चिरविश्रांति घेत आहेत. निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर येथेंच आहे, आणि हैदराबादच्या गादीचा संस्थापक पहिला निजामही येथेंच आहे. झैनुद्दीनच्या दर्ग्याच्या आवारांत, एका कोपऱ्यांत, घुमट नाहीं, छप्पर नाहीं, अशी एक मातीची उघडी कबर आहे. भोंवतालची संगमरवरी जाळी मागाहूनची. ही कबर बादशहा औरंगजेबाची. मृत्यूनंतर त्याला जो ‘खुल्द-मकान’, म्हणजे स्वर्गनिवासी, असा किताब मिळाला, त्यावरूनच या गांवाचें आजचें नांव पडलें.

मराठी मनाला ही कबर पाहून काय वाटतें तें सांगावयास नको. इ. स. १६८१ मध्यें हा बादशहा दक्षिणेंत उतरला. १६८९ मध्यें त्यानें छत्रपति संभाजी महाराजांचा क्रूरपणें वध करविला. आणि त्यानंतर अठरा वर्षें झगडूनही मराठ्यांचें राज्य त्याच्या हातीं लागलें नाहीं. ३ मार्च १७०७ रोजीं अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षीं तो वारला व त्याचा देह येथें आणला गेला. शेवटच्या दिवसांत आझम व कामबक्ष या मुलांना त्यानें लिहिलेलीं म्हणून जीं पत्रें प्रसिद्ध आहेत, त्यांत विजयाचा शब्द नाहीं. शरीर खचलें आहे, आयुष्य व्यर्थ गेलें, अपराधांचें ओझें तेवढें सोबतीला आहे, पुढें काय वाढून ठेवलें आहे तें कळत नाहीं, असा त्यांचा सूर आहे. कन्या झेबुन्निसा आणि परागंदा झालेला पुत्र अकबर हीं दोघेंही त्याच्या डोळ्यांदेखत गेलीं होतीं.

या दुःखाबद्दल कोणाला कणव यावी असा माझा हेतु नाहीं. राजकारणाचा हिशेबही येथें मांडावयाचा नाहीं. माझा प्रश्न वैद्यकाचा आहे. मनुष्य असा खचतो, त्याची झोप उडते, अन्न गोड लागत नाहीं, आपण निरुपयोगी व अपराधी आहों असें त्याला दिवसरात्र वाटूं लागतें, तेव्हां त्याच्या रक्तांत कांहीं फरक पडलेला असतो काय? बादशहाच्या पदरच्या हकिमांना हा प्रश्न विचारला असता तर त्यांनीं क्षणाचाही विलंब न लावतां ‘होय’ असें उत्तर दिलें असतें. आजच्या प्रयोगशाळेंतील संशोधकही ‘होय’ म्हणतो, पण त्याच्या होकारामागें चारपांच ‘परंतु’ असतात. या दोन उत्तरांच्या मधला इतिहास मला आज आपल्यापुढें ठेवावयाचा आहे.

हकिमांचें शास्त्र मुळांत ग्रीकांचें. शरीरांत रक्त, कफ, पिवळें पित्त आणि काळें पित्त असे चार रस आहेत आणि त्यांचें प्रमाण बिघडलें म्हणजे रोग होतो, हें मत हिपॉक्रेटीसच्या परंपरेंतून निघालें व गॅलननें तें पक्कें केलें. काळ्या पित्ताला ग्रीक भाषेंत ‘मेलैना खोले’ म्हणत. त्यावरून खिन्नतेच्या रोगाचें ‘मेलँकोलिया’ हें नांव आलें, आणि अरबी-फारसींत तेंच ‘मालीखूलिया’ झालें. काळ्या पित्ताचा अरबी शब्द ‘सौदा’. दहाव्या शतकाच्या आरंभीं उत्तर आफ्रिकेंतील कैरवान येथें इसहाक इब्न इम्रान या वैद्यानें या एकाच रोगावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. पुढें इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथांतही त्याचें प्रकरण आहे. उपचार अर्थातच सौदा कमी करण्याचे: आहार बदलणें, रेचकें देणें, आणि शीर तोडून रक्त काढणें.

आपल्या आयुर्वेदांत काळें पित्त नाहीं. तेथें वात, पित्त आणि कफ हे शरीराचे दोष, व रज आणि तम हे मनाचे. पण चरकसंहितेंत एके ठिकाणीं, कोणत्या गोष्टींत कोणती श्रेष्ठ याची एक लांब यादी आहे. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषाद सर्वांत पुढें, असें त्या यादींत सांगितलें आहे. गीतेचा पहिला अध्याय विषादाच्याच नांवानें ओळखला जातो, हें प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. परंतु अर्जुनाचा विषाद रणांगणावरचा, प्रसंगानें आलेला आणि उपदेशानें गेलेला. प्रसंग टळूनही जो जात नाहीं, ज्यापुढें उपदेश हरतो, त्याला चरकानें रोग वाढविणारा म्हणून वैद्याच्या वहींत नोंदलें, हें महत्त्वाचें. ज्याला आज डॉक्टर डिप्रेशन म्हणतात त्याला मीही या भाषणांत विषादरोग असें म्हणेन.

काळें पित्त आजवर कोणत्याही शिरेंत कोणालाही सांपडलेलें नाहीं. तरीही या जुन्या वैद्यांना हंसणें सोपें आहे तितकें न्याय्य नाहीं. खिन्न मनुष्याला भूतबाधा झाली आहे किंवा त्याच्या पापाचें हें फळ आहे, असें जग म्हणत असतां, हा शरीराचा विकार आहे आणि त्यावर औषध आहे, असें त्यांनीं म्हटलें. त्यांचा पुरावा चुकला. पण रोगी मनुष्य दोषी नव्हे, हा त्यांचा निर्णय चुकला नाहीं.

रक्ताविषयींचें नवें ज्ञान औरंगजेबाच्याच राजवटींत हिंदुस्थानांत येऊन पोंचलें होतें. विल्यम हार्वेनें १६२८ मध्यें, रक्त हृदयांतून निघून सर्व देहांत फिरतें व पुन्हां हृदयाकडे येतें, हें सिद्ध केलें होतें. फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए हा दिल्लीस दानिशमंद खान या विद्याव्यासंगी उमरावाच्या पदरीं होता. आपल्या धन्याला हार्वेचा सिद्धांत समजावून देण्यासाठीं त्यानें जिवंत शेळ्यामेंढ्या चिरून रुधिराभिसरण दाखविलें, आणि तें पाहून पदरचे पंडित भीतीनें व किळसेनें खोलीबाहेर पळाले, असें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत लिहून ठेवलें आहे. पंडित पळाले यांत नवल नाहीं. पण पंडितांच्या आणि हकिमांच्या वैद्यकांत त्या दिवसानें फरक पडला नाहीं, हें खरें नुकसान. युरोपांतही हार्वेच्या ग्रंथानंतर दोनशें वर्षें खिन्न रोग्यांच्या शिरा तोडल्या जातच होत्या.

रक्तांतील एखाद्या द्रव्याच्या उणिवेनें मन काळवंडतें आणि तें द्रव्य परत दिलें कीं मन उजळतें, याचा पहिला निर्विवाद दाखला गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीनें दिला. ही ग्रंथि मंदावली म्हणजे मनुष्य सुजतो, सुस्तावतो, त्याला थंडी सोसत नाहीं, आणि पुष्कळदां तो खिन्न व भ्रमिष्टही होतो. लंडनच्या वैद्यांच्या एका समितीनें १८८८ मध्यें अशा रोग्यांचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. १८९१ मध्यें न्यूकॅसल येथील जॉर्ज मरे यानें मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईस टोंचला. ती सुधारली आणि पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. १९४९ मध्यें रिचर्ड ॲशर या इंग्रज डॉक्टरनें, वेडे ठरलेले पण वस्तुतः थायरॉइडचा विकार असलेले चौदा रुग्ण वर्णिले, तेव्हां वैद्यकानें पुन्हां एकदां कान टवकारले.

त्याच १९४९ सालीं मुंबईंत दुसरी एक घटना घडली आणि तिचा धागा थेट आपल्या विषयाशीं जुळतो. डॉ. रुस्तुम जाल वकील या मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनीं रक्तदाब वाढलेल्या पन्नास रुग्णांना सर्पगंधेची मुळी देऊन आलेला अनुभव इंग्लंडच्या हृदयरोगविषयक मासिकांत प्रसिद्ध केला. सर्पगंधा आपल्या वैद्यांच्या जुन्या ओळखीची. वेडावर आणि निद्रानाशावर ती पिढ्यान्‌पिढ्या दिली जात असे, आणि कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ मध्येंच तिच्यावर लिहिलें होतें. पण डॉ. वकिलांच्या लेखानंतर जगाचें लक्ष तिच्याकडे वळलें. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडमधील रसायनज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें, आणि थोड्याच वर्षांत तें पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र वापरांत आलें.

मग एक विलक्षण तक्रार ऐकूं येऊं लागली. रक्तदाब उतरतो खरा, पण रेसर्पिन घेणाऱ्यांपैकीं कांहीं लोक उदास होतात. १९५५ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांना आढळलें कीं रेसर्पिन दिल्यावर शरीरांतील सेरोटोनिन या द्रव्याचे सांठे रिते होतात. नेमका याच्या उलट अनुभव क्षयाच्या रुग्णालयांत येत होता. १९५२ मध्यें न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत इप्रोनायझिड नांवाचें क्षयावरील औषध दिलें असतां, बिछान्याला खिळलेले रोगी हंसूं-खेळूं लागले; आणि हें औषध सेरोटोनिनसारखीं द्रव्यें शरीरांत टिकवून धरतें असें ठरलें. एका औषधानें सांठा घटला तर मन खचतें, दुसऱ्यानें वाढला तर फुलतें. यावरून विषादरोग म्हणजे मेंदूंतील या द्रव्यांची टंचाई, असा तर्क निघाला, आणि १९६५ च्या सुमारास तो शास्त्राच्या आसनावर बसला. मुंबईच्या औषधालयांतील एका मुळीनें अशा रीतीनें जगाच्या मनोवैद्यकाला वळण दिलें.

हें वळणही पुरतें सरळ नव्हतें. पुढें जुन्या नोंदी पुन्हां तपासल्या तेव्हां दिसलें कीं रेसर्पिननें उदास झालेले म्हणून मोजलेल्यांपैकीं पुष्कळांना सुस्ती आली होती, खरा विषादरोग थोड्यांनाच होता. शिवाय हें द्रव्य रक्तांत मोजून उपयोग नाहीं. कारण शरीरांतील बहुतेक सेरोटोनिन आंतड्यांत आणि रक्तांतील बिंबिकांत असतें, आणि त्यावरून मेंदूंतील स्थिति कळत नाहीं. औषधें पुष्कळांना उपयोगीं पडतात ही एक गोष्ट, आणि तीं कां उपयोगीं पडतात याचें सोपें स्पष्टीकरण ही दुसरी. पहिली खरी असून दुसरी अपुरी असूं शकते.

रक्ताची खरीखुरी ‘परीक्षा’ १९८१ मध्यें पुढें आली. संकट आलें म्हणजे आपल्या मूत्रपिंडांवरील ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचा स्राव रक्तांत सोडतात. निरोगी मनुष्याला रात्रीं डेक्सामेथासोन हें औषध दिलें तर दुसऱ्या दिवशीं कॉर्टिसॉल उतरतें. तीव्र विषादरोग्यांत पुष्कळदां उतरत नाहीं. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे बर्नार्ड कॅरोल व त्यांचे सहकारी यांनीं ३६८ रुग्णांच्या तपासणीवरून ही विषादरोगाची प्रयोगशाळेंतील कसोटी म्हणून जाहीर केली. मोठा गाजावाजा झाला. मग हळूहळू कळूं लागलें कीं वजन एकाएकीं घटलेल्यांत, मद्यपींत आणि वृद्धांच्या स्मृतिभ्रंशांतही हीच परीक्षा बिघडलेली येते, आणि खऱ्या विषादरोग्यांपैकीं अनेकांत ती बिनचूक निघते. दहापंधरा वर्षांत ही कसोटी रोजच्या व्यवहारांतून मागें पडली.

आतां आपण आजच्या शोधाकडे येऊं. हा शोध रोगप्रतिकारशक्तीच्या वाटेनें आला, आणि तो समजण्यास प्रयोगशाळेंत जावयास नको. तापानें फणफणलेलें मूल डोळ्यांपुढें आणलें म्हणजे पुरे. तें खेळणें टाकतें, जेवण नाकारतें, कोणाशीं बोलत नाहीं, भिंतीकडे तोंड करून निजतें. हें ताप आणणाऱ्या जंतूंचें काम नव्हे. शरीराचे रक्षक जागे झाले म्हणजे ते रक्तांतून निरोप धाडतात. या निरोप्यांना सायटोकाइन म्हणतात. ते निरोप रक्तांतून आणि मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूपर्यंत पोंचतात, आणि मेंदू हुकूम सोडतो: हातपाय गाळून पड, शक्ति वांचव. बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यानें १९८८ मध्यें, आजारी जनावराचें हें वागणें म्हणजे दुबळेपणा नसून बरें होण्यासाठीं निसर्गानें योजिलेली युक्ति आहे, असें प्रतिपादन केलें. मग प्रश्न सहजच निघाला: ताप नसतांना, जंतु नसतांना, हे निरोप थांबलेच नाहींत तर? १९९१ मध्यें आर. एस. स्मिथ यानें, विषादरोगाचें मूळ या रक्षक पेशींच्या अति चळवळींत असावें, असा तर्क उघडपणें मांडला.

या तर्काला सर्वांत ठळक पुरावा एका औषधानें पुरविला. इंटरफेरॉन हें शरीराच्याच रक्षक-निरोप्यांपैकीं एक. तें १९५७ मध्यें सांपडलें होतें. यकृताच्या ‘सी’ काविळीवर आणि कांहीं कर्करोगांवर तें टोंचूं लागले, तेव्हां पूर्वीं धडधाकट मनाचीं माणसें कांहीं आठवड्यांत खोल विषादांत बुडूं लागलीं. २००१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, इंटरफेरॉन घेणाऱ्या कर्करोग्यांपैकीं निम्म्यांना विषादरोगावरील औषध आधींपासून देऊन ठेवलें व निम्म्यांना नुसती पोकळ गोळी दिली. पोकळ गोळीवाल्यांपैकीं शेंकडा ४५ जणांना विषादरोग झाला, औषधवाल्यांपैकीं फक्त ११ जणांना. रक्तांत सोडलेलें एक द्रव्य मनुष्याचें मन पालटवितें, हें याहून स्पष्ट कसें दिसणार?

मग साध्या विषादरोग्यांचें रक्त तपासण्याची लाट आली. २०१० मध्यें अशा २४ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यांत इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा हे दोन निरोप्ये विषादरोग्यांत सरासरीनें वाढलेले निघाले. इंटरल्यूकिन-६ चा हुकूम झाला कीं यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, संक्षेपानें सीआरपी, तयार करतें. हें प्रथिन १९३० मध्यें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तांत प्रथम दिसलें, आणि आज तें कोणत्याही शहरांतील प्रयोगशाळेंत थोड्या खर्चांत मोजतां येतें. २०१३ मध्यें कोपनहेगन येथील ७३,१३१ लोकांच्या पाहणींत, ज्यांचें सीआरपी अधिक त्यांच्यांत विषादाचें प्रमाणही अधिक, असें आढळलें. याहून विचार करावयास लावणारी पाहणी इंग्लंडमधील ब्रिस्टॉलची. तेथें नवव्या वर्षीं ज्या मुलांच्या रक्तांत इंटरल्यूकिन-६ वाढलेलें होतें, त्यांच्यांत अठराव्या वर्षीं विषादरोग अधिक दिसला. येथें रक्तांतील खूण आधीं होती, रोग मागाहून आला.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग रक्त काढावें, आंकडा पाहावा, आणि रोगाचें निदान करून मोकळें व्हावें. येथेंच ते ‘परंतु’ उभे राहतात. पहिला असा कीं सरासरी म्हणजे व्यक्ति नव्हे. २०१९ च्या एका एकत्रित हिशेबाप्रमाणें विषादरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश रोग्यांतच सीआरपी लिटरमागें ३ मिलिग्रॅमच्या वर होतें. उरलेल्या तीन चतुर्थांशांचें दुःख खोटें म्हणावयाचें काय? दुसरा असा कीं हें प्रथिन किडलेल्या दाढेनें वाढतें, लठ्ठपणानें वाढतें, धूम्रपानानें वाढतें, क्षयानें आणि संधिवातानें वाढतें. गांवांत कोठें तरी आग लागली आहे एवढें सांगणारी ही घंटा आहे. कोणत्या घराला लागली तें ती सांगत नाहीं. तिसरा असा कीं आधीं काय? दाहानें मन खचतें हें खरें. पण खचलेलें मन झोप घालवितें, व्यायाम सोडवितें, आहार बिघडवितें, आणि त्यानेंही दाह वाढतो. चरकाची ती नोंद येथें आठवावी. विषाद रोग वाढवितो आणि रोग विषाद वाढवितो. हें रहाट दोन्ही बाजूंनीं फिरतें.

तरीही हा शोध निष्फळ म्हणतां येत नाहीं. २०१३ मध्यें अमेरिकेंत, औषधांना दाद न देणाऱ्या ६० विषादरोग्यांवर संधिवातांत वापरतात तें, टीएनएफला आंवरणारें इन्फ्लिक्सिमॅब हें औषध योजून पाहिलें. सर्वांचा मिळून हिशेब केला तर तें पोकळ औषधाहून सरस ठरलें नाहीं. पण ज्यांचें सीआरपी आरंभीं ५ मिलिग्रॅमच्या वर होतें त्यांना लाभ झाल्याचें दिसलें, आणि ज्यांचें कमी होतें त्यांची गति उलट पोकळ औषधावरच बरी राहिली. म्हणजे ज्याला आपण एक रोग म्हणतों ते बहुधा अनेक रोग आहेत, आणि रक्त उद्यां त्यांची निवड करावयास मदत करील. मात्र हें उद्यांचें काम आहे. आजच्या घडीला सीआरपीवरून विषादरोगाचें निदान करणारी मान्य कसोटी नाहीं. तशी जाहिरात कोणी केली तर १९८१ चा तो गाजावाजा आठवावा.

मग आजच्या रोग्यानें रक्त तपासावयाचेंच नाहीं काय? तपासावें, पण कशासाठीं हें ओळखून. थायरॉइड मंदावलेली नाहीं ना, रक्त कमी नाहीं ना, ब-१२ जीवनसत्त्व घटलें नाहीं ना, हें डॉक्टर पाहतात तें विषाद मोजण्यासाठीं नव्हे, तर विषादाचा वेष घेऊन आलेला दुसरा चोर पकडण्यासाठीं. या शेवटल्या गोष्टीचा पुरावा आपल्याच प्रांतांतला आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुणें व परिसरांतील ४४१ पुरुषांचें रक्त तपासून २००६ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकीं शेंकडा ६७ जणांत ब-१२ कमी होतें. आणि सर्वांत वाईट स्थिति खेड्यांत किंवा झोपडपट्टींत नव्हती, ती शहरी मध्यमवर्गांत होती. तेथें हें प्रमाण शेंकडा ८१ होतें. मुख्य कारण शाकाहार. ब-१२ फार घटलें तर हातापायांना मुंग्या येतात, स्मरण मंदावतें, आणि मनही काळवंडूं शकतें. हें औषध स्वस्त आहे. आणि अशा मनुष्याला उपदेश करीत बसणें म्हणजे वात नसलेल्या समईला दोष देणें होय.

हा उपदेश मात्र आपल्या घरांत फार होतो. “तुला काय कमी आहे?” “मनाला लावून घेऊं नकोस.” “बाहेर पड, चार माणसांत मिसळ.” अंथरुणांतून उठण्याचें बळ नसलेल्या सुनेला आळशी म्हणतात, निवृत्त होऊन गप्प झालेल्या वडिलांना विक्षिप्त म्हणतात, परीक्षेच्या वर्षीं खोली बंद करून बसणाऱ्या मुलाला बेजबाबदार म्हणतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीनें, हिंदुस्थानांतील सुमारें वीस प्रौढांमागें एकाला आयुष्यांत केव्हां तरी विषादरोग होतो असें दाखविलें, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नाहींत हेंही दाखविलें. त्या पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण म्हणून आपलीं घरें या हिशेबाबाहेर राहतात असें कोणी समजूं नये.

अशा घराला रक्ताच्या या इतिहासांतून काय मिळतें? निदानाची कसोटी नाहीं मिळत. दोन गोष्टी मिळतात. एक अशी कीं विषादरोग हा इच्छाशक्तीचा दुबळेपणा नव्हे; त्यांत देह सामील असतो, आणि तापानें निजलेल्या मुलाला जसें कोणी रागें भरत नाहीं तसें या रोग्यालाही भरूं नये. दुसरी अशी कीं रक्ताचा कागद निर्दोष आला म्हणून रोगी निर्दोष झाला असें होत नाहीं. “सगळे रिपोर्ट चांगले आहेत, आतां कुरकूर नको,” हें वाक्य कित्येकांना एकटें पाडतें. आणि कोणी जीव नकोसा झाल्याचें बोललें तर कोणत्याही तपासणीची वाट पाहूं नये; त्याला एकटें सोडूं नये आणि डॉक्टरांकडे न्यावें. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनीसेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६.

आतां पुन्हां त्या डोंगरावरच्या उघड्या कबरीकडे वळूं. त्या वृद्ध बादशहाला विषादरोग होता कीं केलेल्या कर्मांचा पश्चात्ताप होता, कीं दोन्ही होतीं, हें आज कोणी सांगूं शकणार नाहीं, आणि सांगूं नये. त्याच्या रक्ताचा एक थेंब शिल्लक नाहीं. असता, आणि आपण तो अत्यंत नाजुक यंत्रांत घातला असता, तर एका अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजारी देहांत दाह होता एवढेंच आपल्याला कळलें असतें. त्याच्या मनांत काय होतें हें आपल्याला जें थोडेंबहुत कळतें, तें त्याच्या शब्दांवरून कळतें. कारण त्यानें तें कोणाला तरी सांगितलें.

तीन शतकें उलटलीं, सौदा गेला, सीआरपी आलें, तरी हा क्रम बदललेला नाहीं. विषादाची पहिली खूण अजूनही रोग्याच्या बोलण्यांतच सांपडते. रक्त साक्ष देईल, आणि पुढेंमागें अधिक चांगली साक्ष देईल. पण साक्षीदाराला बोलावण्यापूर्वीं फिर्याद ऐकून घ्यावी लागते. ती ऐकण्याचें काम प्रथम घरांतल्या माणसांचें आहे, आणि त्यासाठीं प्रयोगशाळा लागत नाहीं.